चिल्लरचं खातं

"बाबा, आजवर मी तुम्हाला कितीला पडले?"

विचारलं आणि तिने लगेच मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे हसायला जागाच उरू नये. प्रश्न मुळात तिचा नव्हता. मधल्या सुट्टीत वर्गातल्या ढापणीने तो काढला होता आणि लंबूने त्यावर पैज लावली होती की ही काही विचारायची नाही, बाबांसमोर हिची टरकते. महिन्यापूर्वी खरंच टरकली असती. महिन्यापूर्वी ती हजेरी देतानासुद्धा अशी पुटपुटायची की बाईंनी तिला दोनदा गैरहजर लावलं होतं. पण मग भाषणाच्या स्पर्धेत ऐन वेळी कुणाचा तरी घसा बसला, बाईंनी हिला मागून व्यासपीठावर ढकललं, आणि पोटातून कुठूनसा एक आवाज निघाला तो थेट सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिथे झाडणारी बाई झाडू टेकवून ऐकत उभी राहिली. तो आवाज आपलाच आहे हे पटायला तिला दोन दिवस लागले, आणि पटल्यावर तिने तो दिसेल तिथे वापरायला सुरुवात केली. विज्ञानाच्या सरांना विचारलं, तुम्ही केस पांढरे ठेवून मिश्याच का रंगवता. मुख्याध्यापिकेला विचारलं, तुमच्या दारावर 'न विचारता आत येऊ नये' लिहिलंय तर विचारायचं कुठून. घरात मात्र त्या आवाजाची चाचणी व्हायची होती.

आई म्हणाली, हे काय विचारणं झालं, मुलं काय बाजारातून आणतात का. पण बाबा रागावले नाहीत, दुखावलेही नाहीत. त्यांनी चमचा ताटाच्या कडेला अगदी सरळ रेषेत ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला जणू एकोणीस वर्षं ते याच प्रश्नाची वाट पाहत बसले होते. बसले होतेच. लग्न झालं त्या वर्षी कुणीतरी त्यांना घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर दिलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला ते कोपऱ्यातल्या संगणकाशी बसत आणि दिवसभराचा खर्च नोंदवत. घरात एक काडेपेटीसुद्धा नोंदीवाचून शिरली नव्हती. त्यांचा धंदाच तसला होता. वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, गोदामांतले, औषधवाल्यांचे. पितळी वजनांची मखमली पेटी घेऊन ते दारोदार जात, काटा आधी शून्यावर आणत आणि मग तो खरं बोलतो की खोटं ते सांगत. असल्या माणसाला घरात कधी कुणी आकडा विचारला नव्हता. हात धुऊन ते खुर्चीत बसले, चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "अकरा लाख एकेचाळीस हजार सहाशे सात." मग पडद्याकडे मान वाकडी करून बघत राहिले. "पण हा आकडा खरा नाही."

झालं होतं असं, की तिचं खातं तिच्या जन्माच्या तीन वर्षं आधीपासून चालू होतं. खात्याचं नाव 'चिल्लर'. सुरुवातीला बाबा त्यात खरीखुरी चिल्लर लिहायचे, सुटे पैसे, ज्यांचा हिशेब लागत नाही ते. मग ती जन्मली, दोन महिने आधी, एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. काचेपलीकडून तिच्याकडे बघत बाबांनी दवाखान्याच्या काट्याला पहिली शाबासकी दिली, काटा बरोबर होता म्हणून, आणि मग म्हणाले, ही तर चिल्लर आहे. नाव चिकटलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दुपट्याचा खर्च लिहायला घेतला, 'चि' टाइप केलं, यंत्राने पुढची अक्षरं आपणहून पुरवली, आणि दमलेल्या, घाबरलेल्या, आनंदलेल्या माणसाने नुसतं बटण दाबलं. तेव्हापासून सोळा वर्षं पोरगी आणि सुटे पैसे एकाच खात्यात सुखाने नांदत होते. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलगीही हसली. उद्या वर्गात सांगायला याहून भारी गोष्ट मिळाली नसती. बाबा मात्र हसले नाहीत. चूक सापडल्यावर ते तसेच शांत होत. म्हणाले, हे वेगळं करायला हवं, एकेक नोंद बघून. आणि मग खुर्चीवरून उठले. "तू बस. तूच कर. तुला कळायला हवं हे सगळं कसं चालतं ते."

आई पडदे शिवायची. दुकानांकडून मापं घेऊन यायची आणि समोरच्या खोलीत मशीनवर बसायची. मशीन थांबवून ती म्हणाली, एकोणीस वर्षांत मला त्या खुर्चीवरची धूळ पुसू दिली नाही, आणि आज राज्याभिषेक. मुलगी इतकी फुगली होती की बाबांनी खुर्ची आत्ताच का सोडली हे तिने विचारलं नाही. एवढे प्रश्न विचारत सुटलेली मुलगी. नेमका तेवढा एक सोडला.

मग रोज संध्याकाळी ती त्या खुर्चीत. खुर्चीच्या फोमला बाबांचा खड्डा पडलेला होता, त्यात ती बुडायची आणि तिचे खांदे टेबलाला लागायचे. सुरुवातीला मजा होती. 'चिल्लर – बस.' कोण बसलं होतं बसमध्ये, ती की सुटे पैसे? तारीख बघायची. तेव्हा ती चार महिन्यांची होती, म्हणजे सुटे पैसे. 'चिल्लर – फुगा, फुटला, दुसरा.' ती. 'चिल्लर – चाकाची हवा.' सुटे पैसे. 'चिल्लर – हट्ट.' नुसतंच हट्ट. कसला, ते नाही. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. आपण कशासाठी तरी रस्त्यात लोळलो असू, आजूबाजूच्या लोकांनी बघितलं असेल, बाबांचे कान लाल झाले असतील, आणि संध्याकाळी त्यांनी त्या सगळ्याला एका शब्दात बसवून बाजूला रक्कम लिहिली. बाबा बोलायचे कमी. पण नोंदीच्या शेजारी तपशील लिहायला एक अरुंद रकाना होता, बोटभर, आणि तिला हळूहळू कळायला लागलं की बाबांचं सगळं बोलणं तिथे आहे. 'पडद्याचं कापड – हिला निळा हवा होता, घेतला नाही, चुकलं.' 'छत्री – तिसरी. हरवणारा मीच.' मशीनचा खडखडाट शेजारून येत होता आणि तिला आईला हाक मारून सांगावंसं वाटे, अगं, निळ्या पडद्याबद्दल बाबांना वाईट वाटलं होतं, बारा वर्षांपूर्वी. पण ते कुणाचं तरी पत्र उघडल्यासारखं झालं असतं. ती पुढच्या नोंदीकडे वळे. शाळेत ढापणी विचारायची, काय गं, कितीला पडलीस, आणि ती ऐटीत सांगायची, माझं ऑडिट चालू आहे.

सातव्या वर्षाशी आली तेव्हा खातं एकदम जाड झालं. अकरा पानं. औषध, तपासणी, औषध, खाट, औषध. ती आजारी होती हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे काय तर एक छत, त्यावर नकाशासारखा ओलीचा डाग, उकडलेल्या कापसाचा वास, आणि बाबा. बाबा मखमली पेटी उशाशी उघडून बसायचे आणि चिमट्याने सगळ्यात हलकं वजन उचलून तिच्या तळहातावर ठेवायचे, कागदाच्या कपच्याइतकं पातळ, मिलिग्रॅमचं, ज्याचं वजनच लागायचं नाही. "लागलं?" "नाही." "मग अजून डोळे मीट." आणि ती डोळे मिटून इतकी लक्ष देऊन बसायची की सुई टोचलेली कळायची नाही. ते सगळं छत आणि तो चिमटा तिथे ओळींमध्ये बसला होता, आणि शेवटच्या रकान्यातली शिल्लक लाल झाली होती. वजा. पुढच्या पानावर वजा. त्याच्या पुढच्या. मध्येच एक जमेची नोंद: 'स्कूटर – विकली.' तपशिलात: 'चिल्लरला सांगितलं दुरुस्तीला दिलीय.' तिने हात कीबोर्डवरून काढले. सांगितलं होतं. ती दहा वर्षांची होईपर्यंत खिडकीतून बघायची, दुरुस्त होऊन कधी येते म्हणून. आणि मग एक दिवस बघायचं विसरली, आणि विसरलोय हेही विसरली. तीन वर्षं शिल्लक लाल होती. शाळेचे बूट लाल, पडद्याची सुई लाल, सगळं लाल अक्षरांत. खुर्चीतल्या खड्ड्यात तिला एकाएकी अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्याच्या मांडीवर बसल्यासारखं.

त्या दिवशी तिने घाईने फाइल बंद केली, आणि दुसऱ्या संध्याकाळी उघडताना चुकली. यादीत 'घर' नावाच्या खाली आणखी दोन नावं होती, 'घर – उपचार' आणि 'घर – नक्की', आणि तिला वाटलं आपण काल जतन केलं ते 'नक्की'च असणार. उघडलं. 'चिल्लर' शोधलं. ओळी आल्या, पण तारखा पुढच्या होत्या. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं. चिल्लर – महाविद्यालय, प्रवेश. चिल्लर – वसतिगृह. चार वर्षांच्या नोंदी बाबांनी आधीच भरून ठेवल्या होत्या, दर महिन्याच्या ठरलेल्या, एकामागून एक, हिरव्या. तिला हसू फुटलं. दूरच्या त्या मोठ्या महाविद्यालयाचं नाव तिने घरात एकदाच काढलं होतं, तेही उडत उडत, आणि आई म्हणाली होती, आपल्या आवाक्यातलं बोल. बाबा काहीच बोलले नव्हते. इथे बोलले होते. मग तिने शोध पुसला आणि अख्खं पान बघत खाली गेली, नुसतीच, कौतुकाने. वीज. पाणी. आईच्या मशीनचं तेल. बाबांचा बसचा पास: जूनपर्यंत. तिला वाटलं नोंद अर्धी राहिलीय. दाढीची पाती: जूनपर्यंत. मे महिन्यात 'अर्धं पाकीट'. पाती कधी अर्धं पाकीट मिळतात का, असा एक वेडगळ प्रश्न तिच्या मनात आला आणि ती त्यालाच धरून राहिली, कारण बाकीचं तोवर कळू लागलं होतं. बाबांचे बूट नाहीत. बाबांचा चष्मा नाही. तांदूळ जुलैपासून दोन माणसांचा. आणि जुलैतच एक मोठी जमा, हिरवीगार: 'विमा.'

तिने आधी ज्या गोष्टी खऱ्या नाहीत त्या सगळ्या मानून पाहिल्या. बाबांची बदली होणार असेल. काटे दुरुस्त करणाऱ्याची बदली कशी होते? बाबा आईला सोडून जाणार असतील. लंबूचे गेले होते. क्षणभर तिला तेसुद्धा चाललं असतं, जाऊ देत, कुठेतरी पाती विकत घेत असतील, पाकीट पुरं घेत असतील. पण विमा काही सोडून गेलेल्या माणसाचा मिळत नाही. मग ती मूळ फाइलमध्ये मागे गेली, या वर्षात, आणि ज्या नोंदी तिला चिल्लर शोधताना दिसल्याच नव्हत्या त्या दिसू लागल्या. 'मोची – पट्ट्याला भोक.' महिन्याने पुन्हा: 'मोची – पट्ट्याला भोक.' मग तपासणी. मग तज्ज्ञांची फी. मग दुसऱ्या तज्ज्ञांची फी, आणि बोटभर रकान्यात: 'दुसरं मत. तेच.' त्यानंतर काही नाही. औषध नाही, फी नाही. तिने 'घर – उपचार' उघडलं. तिथे उपचार होता, नऊ महिन्यांचा, हप्त्याहप्त्याने, आणि पहिल्याच नोंदीला तपशील होता: 'गुण येण्याची शक्यता निम्मी, म्हणतात.' तिसऱ्या महिन्यापासून शिल्लक लाल. वसतिगृह लाल. प्रवेश लाल. पुढची चार वर्षं लाल, खालपर्यंत, पडदा संपेपर्यंत. म्हणजे बाबांनी एका पारड्यात स्वतःला ठेवलं होतं आणि दुसऱ्यात तिला, काटा शून्यावर आणून, हात न लावता, जसं ते दुकानात करत. आणि मग एका फाइलला नाव दिलं होतं, नक्की.

मागे पावलं वाजली; तिने फाइल बंद केली तोवर बाबा मागे उभे होते. त्यांनी विचारलं, कुठवर आलीस? ती म्हणाली, सातव्या वर्षापर्यंत. तो आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, ओठांपर्यंतसुद्धा पोचला नाही. बाबा म्हणाले, सावकाश कर, घाई नाही. आणि तिला वाटलं, घाई नाही असं म्हणणाऱ्या या माणसाला एकदा गदागदा हलवावं.

त्यानंतरचे दिवस कसे होते हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पाण्याखाली. वर्गात सगळ्यांची तोंडं हलत. ढापणी म्हणाली, ऑडिट संपलं का, की दिवाळखोरी निघाली? ती हसली, हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कुणीतरी विसरून गेलेल्या रुमालासारखं. बाईंनी आंतरशालेय स्पर्धेला तिचं नाव दिलं आणि विषय दिला 'माझं भविष्य'. घरी ताटावर बसलं की बाबा आपल्या वाढलेल्यातलं अर्धं तिच्याकडे सरकवत, मला भूक नाही, तू वाढत्या वयाची. आधीही सरकवत. आधी तिने खाल्लंही होतं, किती महिने, मिटक्या मारत. आता घास गिळताना तिला वाटे आपण त्यांना खातोय. न्हाणीघरात वजनाचा छोटा काटा असायचा, तो माळ्यावर गेला होता, बाबा म्हणाले होते बिघडलाय. शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना तिने स्टुलावर चढून तो काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि ओट्यावरची साखरेची एक किलोची पिशवी त्याच्यावर ठेवली. एक किलो. बिघडलेला नव्हता. गावभरच्या काट्यांचा खोटेपणा पकडणारा माणूस आपल्याच घरात एका काट्यावर आळ घालून बसला होता. ती फरशीवर त्या काट्यापाशी बसून राहिली आणि तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी हललं असतं. आईला सांगावं? सांगितलं की ते खरं होणार. बाबांना विचारावं? काय विचारणार, 'कितीला पडले' हे विचारून झालं होतं, आणि त्याचं उत्तर हे होतं.

तिने तिसरी प्रत काढली आणि नाव दिलं 'घर – चिल्लर'. तिच्यात उपचार तसाच ठेवला आणि स्वतःला खोडायला घेतलं. वसतिगृह खोडलं. दूरचं महाविद्यालय काढून गावातलं टाकलं. लाल थोडं फिकं झाल्यासारखं वाटलं, पण आकडा लालच. सहलीचे पैसे खोडले. वाढदिवस खोडला, पुढचे सगळे वाढदिवस. नवे कपडे, वह्यांचं कव्हर, केस कापणं. लाल. आईसारखी शिवणाची कामं घेतली आणि जमेला टाकली, मग ती किती तास करता येतील याचा हिशेब केला, आणि शाळा कुठे बसणार ते कळेना. लाल. चार संध्याकाळी ती त्या लाल आकड्याशी झोंबत राहिली, तो पाचशेने कमी झाला तरी तिचा श्वास मोकळा व्हायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा अडकायचा. बाजूला मशीन खडखडत होतं. बाबा पलंगावर पडून वर्तमानपत्र वाचत होते, हल्ली ते आडवे होऊनच वाचायचे, आणि कागदाच्या आडून त्यांचा आवाज आला की जुनी वर्षं आता बंद करून टाक. फाइल जड झालीय, तुझ्या आईला उघडायलाही कंटाळा येईल. तुझ्या दहाव्या वर्षापर्यंतची सगळी वर्षं बंद कर, म्हणजे त्यांच्या जागी एकच ओळ राहते, आरंभीची शिल्लक. स्वच्छ. ती म्हणाली, बरं. तिने मूळ फाइल उघडली, ते बटण शोधलं, दाबलं, आणि यंत्राने विचारलं की हे केल्यावर तपशील परत मिळणार नाहीत, नक्की का?

नक्की. तोच शब्द. तिचं बोट तसंच राहिलं.

म्हणजे ती तीन लाल वर्षं जाणार. स्कूटर जाणार, मिलिग्रॅमचं वजन जाणार, निळा पडदा जाणार. उरणार एक स्वच्छ ओळ, जशी काही ही माणसं कायम हिरवीच होती. तिने 'नाही' दाबलं आणि त्या वर्षांत पुन्हा शिरली, यावेळी चिल्लर न शोधता, नुसतीच वाचत, दर ओळ. तेव्हासुद्धा शिल्लक हिरवी झालीच नव्हती. कुणी काही खोडून ती हिरवी केली नव्हती. एक हजार ब्याण्णव दिवस हे घर वजा होतं, आणि त्या वजामध्ये फुगे होते. त्या वजामध्ये तिचे बूट होते, आईच्या वाढदिवसाची कात्री होती, 'सर्कस – तिघं, मागच्या रांगेत, चिल्लर हसली' होतं. तेव्हाही डॉक्टर काही पुऱ्या पाकिटाची खात्री देत नव्हते. एका नोंदीला तपशील होता, 'निम्मी शक्यता, म्हणतात', शब्दन् शब्द तोच, आणि त्याच्या पुढच्या ओळीला रक्कम. मध्ये दुसरी फाइल नव्हती. मध्ये 'नक्की' नव्हतं. बाबांनी त्या दिवशी काटा काढलाच नव्हता. तिच्या कानांत काहीतरी गरम गरम भरून आलं, आणि तिला कळलं की हा राग आहे, आणि राग आला म्हणजे आवाजही येणार. तिने आणखी एक गोष्ट केली: 'नक्की' पुन्हा उघडून वरपासून खालपर्यंत तपासली, जसं बाबांनी शिकवलं होतं, चूक असणारच असं धरून. सापडली. आईला पेपर वाचायला वेळ नसतो, मुलगी स्वतः कधी वाचत नाही. पण सकाळचं वर्तमानपत्र जूनमध्ये थांबत नव्हतं. जुलै, ऑगस्ट, पुढचं वर्ष, चारही वर्षं, दर महिन्याला, ते येतच होतं. घरातून स्वतःला एकेक करून काढणारा तो काटेकोर माणूस एक वर्तमानपत्र काढायचं विसरला होता.

रविवारी सकाळी तिने दोघांना बोलावलं. आई उठायला तयार नव्हती, दोन दरवाजांचे पडदे संध्याकाळी द्यायचे होते. मापाची फीत गळ्यात तशीच लोंबत ठेवून आली आणि स्टुलावर टेकली. बाबा पलंगाच्या कडेला. मुलगी खुर्चीतल्या खड्ड्यात बसली नाही, संगणकाच्या पडद्याच्या बाजूला उभी राहिली, व्यासपीठावर उभी राहतात तशी, आणि आधी प्रश्नाचं उत्तर दिलं. अकरा लाख तीन हजार तीनशे पंचाण्णव ती. अडतीस हजार दोनशे बारा सुटे पैसे. बाबांनी ओठ हलवून बेरीज केली. "बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की तिला पुढचं बोलवेना. तिने 'नक्की' उघडली आणि बाजूला झाली.

आईला त्या पानांची सवय नव्हती. ती बोट लावून वाचत गेली, कापडावर खूण करत जावी तशी. वीज, पाणी, तेल. पासशी बोट थांबलं. पात्यांशी थांबलं. तांदळाशी आली तेव्हा ती बोट न उचलता तशीच थांबली. "जूनमध्ये काय आहे?" तिने विचारलं. कुणाकडेच न बघता. बाबा म्हणाले, ही फाइल कुणी उघडायला सांगितली होती; पण ते म्हणणंही अर्ध्यात विरलं. आई उठली. गळ्यातली फीत काढली, बाबांच्या समोर गेली, आणि सदऱ्यावरूनच त्यांच्या कमरेभोवती फीत फिरवून तिने माप घेतलं. त्यांनी हात वर केले, गिऱ्हाईक करतं तसे, आपोआप. तिने आकडा वाचला. लग्नाचा सदरा तिनेच शिवला होता. तिला जुनं माप पाठ होतं.

"सात इंच," आई म्हणाली. "सात इंच गेलास तू, आणि मी दुसऱ्यांच्या खिडक्या मापत बसले."

बाबा मुलीकडे बघत होते, रागाने नाही. पकडल्या गेलेल्या काट्याकडे दुकानदार बघतो तसे. म्हणाले, "चिल्लर, निम्मीच शक्यता आहे. आणि तुझी चार वर्षं पुरी आहेत. हिशेब मी दहादा तपासलाय."

"एकदा चुकलाय," ती म्हणाली. "पेपर बंद करायचं विसरलात तुम्ही. जुलैपासून तो वाचणार कोण?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांच्या कडा थरथरल्या, आणि ते जे काही होतं, हसू की दुसरं काही, ते त्यांनी तळहाताने झाकून घेतलं. आईच्या हातातली फीत अजून त्यांच्या कमरेभोवती तशीच होती, तिने ती सोडली नव्हती. मुलीला वाटलं आता आवाज येणार नाही. आणि तरी तो आला, मोठा नव्हता, मागच्या रांगेसाठी नव्हताच, दोन माणसांपुरता होता.

"मी ठरवलंय. जुनी वर्षं मी बंद करणार नाही, ती लाल तीन तर नाहीच. महाविद्यालय गावातलं. उद्या साडेनऊला आपण तिघं त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातोय, नंबर मी लावलाय. आणि उपचाराचा खर्च 'बाबा' या नावावर टाकायचा नाही. तो चिल्लरच्या खात्यात लिहायचा, माझ्या. सुटे पैसे आता वेगळे काढलेत, तिथे फक्त मी आहे. विचारलं होतं ना कितीला पडले? अजून पडायचंय."